यो-योची दोरी: कोणती घ्यावी, पीळ कसा जुळवावा, कधी बदलावी?

उलटफेक (प्रश्न)

यो-यो ॲल्युमिनियमचा, अनरिस्पॉन्सिव्ह (नुसत्या झटक्याने परत न येणारा), सी साइझचं बेअरिंग, दोन्ही बाजूंना दोरीला पकड देणारं सिलिकॉनचं पॅड. दोरी शंभर टक्के पॉलिएस्टर, पाकिटावर "टाइप १०" एवढंच लिहिलंय.

थोडे थ्रो झाले की दोरी स्वतःभोवती वळायला लागते. स्लॅकची, म्हणजे सैल सोडलेल्या दोरीची ट्रिक करताना फास उघडा राहतच नाही, लगेच वेटोळं होतं. दुसरं म्हणजे बाइंड (यो-यो परत आणायला दोरी फटीत दुमडून पकडवणं) कधीकधी सटकतो आणि यो-यो वर येण्याऐवजी खालीच फिरत राहतो. कधी बरोबर उलट होतं: ट्रिक चालू असताना दोरी मधेच पकडली जाते आणि यो-यो बोटांवर येऊन आदळतो. एकाच यो-योत हे दोन विरुद्ध दोष कसे काय?

टाइप ६, ८, १० या आकड्यांचा अर्थ काय? लांबी बेंबीपर्यंत ठेवायची की जास्त? दोरी तुटेपर्यंत वापरायची का?

आणि घरात मुलासाठी एक लाकडी, स्थिर आसाचा यो-यो आहे. त्याला याच पाकिटातली दोरी लावली तर चालेल का? मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

---

सरकफास

लाकडी यो-योचं आधी सांगतो, कारण तिथे चुकलं तर कुणाला तरी लागेल. स्थिर आसाला पॉलिएस्टर लावू नका. बेअरिंग असलेल्या यो-योत दोरीचा फास बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर बसतो. ते कडं जागेवर राहतं आणि आतलं फिरतं, त्यामुळे दोरीवर घर्षण जवळजवळ नाही. स्थिर आसाच्या यो-योत आस थेट फासाच्या आत घासत फिरतो. तिथे चांगलीच उष्णता तयार होते आणि पॉलिएस्टर वितळणारा धागा आहे. लांब स्लीपर (यो-यो खालीच फिरत ठेवणारा थ्रो) टाकला की फास आतून मऊ पडतो आणि पुढच्या एखाद्या झटक्याला तुटतो. त्या क्षणी यो-यो पूर्ण वेगात असतो. स्थिर आसाला, लाकडी असो वा धातूचा, सुतीच दोरी. सूत वितळत नाही. ते करपतं, काळपटतं आणि हळूहळू झिजतं, म्हणजे बदलायची वेळ झाली हे आधी दिसतं. पण सुती दोरी टिकते कमी, म्हणून रोज खेळायच्या आधी आसाजवळचा भाग डोळ्यांनी तपासायचा आणि एकदा जोरात ओढून बघायचा.

मुलाच्या यो-योत दोरी आसाला गाठ मारून बांधू नका. यो-योची दोरी म्हणजे एकच लांब धागा, मधोमध दुमडून स्वतःभोवती पिळलेला. दुमडलेल्या टोकाचा पीळ उलगडला की फास उघडतो, तो आसावर घालायचा आणि पीळ परत बसू द्यायचा. फास आसाभोवती मोकळा असतो म्हणूनच यो-यो खाली फिरत राहतो. फिलिपिन्समधली ही पद्धत. पेद्रो फ्लोरेसने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला, तेव्हा त्याच्या यो-योंचं वैशिष्ट्य हेच होतं. गाठ मारलीत तर यो-यो नुसता खाली-वर जाईल, थांबणार नाही. लहान मुलाला झटका देऊन परत आणणं जमत नसेल तर फास आसावर दोनदा घाला: एकदा घालायचा, एक पीळ द्यायचा, तोच फास पुन्हा घालायचा. पकड वाढते, यो-यो लगेच परत येतो. मात्र फासावर फास घासत असल्याने दोरी लवकर झिजते. हात बसला की एकेरी फासावर या.

आता आकडे. सुती दोरीत टाइप ८ म्हणजे प्रत्येक पदरात आठ तंतू, दुमडल्यावर एकूण सोळा. ६ बारीक, १० जाड. पॉलिएस्टरमध्ये मूळ तंतूच प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो, त्यामुळे एकाची टाइप ८ दुसऱ्याच्या टाइप १० एवढी जाड निघू शकते. तुलना एकाच उत्पादकाच्या एकाच प्रकारात करा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. कित्येक पाकिटांवर आता नुसतं "बारीक, मध्यम, जाड" असतं आणि तेच जास्त उपयोगी आहे.

अनरिस्पॉन्सिव्हला शंभर टक्के पॉलिएस्टर हाच नेहमीचा पर्याय: मजबूत, कमी ताणला जाणारा, धूळ-घामाला टिकणारा. नायलॉन जास्त गुळगुळीत आणि लवचीक, पण ताणलं जातं आणि बोटांमधून वेगाने ओढलं की कातडी चांगलीच भाजते. सूत-पॉलिएस्टरचं निम्मं-निम्मं मिश्रण रिस्पॉन्सिव्ह बेअरिंगला छान, कारण सुताचा खडबडीतपणा यो-यो परत आणायला मदत करतो. अनरिस्पॉन्सिव्हला तोच खडबडीतपणा नडतो.

जाडी ठरवताना आधी यो-योची फट बघा. सी साइझच्या बेअरिंगची रुंदी ४.७५ मिलिमीटर असते. दोरीचे तीन-चार थर जिथे एकमेकांवर येतात अशा ट्रिक्समध्ये जाड दोरी दोन्ही भिंतींना टेकते आणि यो-योचा वेग खाते. बारीक दोरीला जागा मिळते, पण बाइंडला पकड कमी. स्लॅक आणि व्हिपसाठी (दोरी चाबकासारखी झटकायच्या ट्रिक्स) थोडी वजनदार दोरी बरी, कारण हवेत तिचा आकार टिकतो. नवशिक्याने मध्यम जाडीवर काही आठवडे राहावं. दर पाकिटाला जाडी बदलली तर दोष हाताचा की दोरीचा हे कधीच कळत नाही.

---

तोललेला_पीळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण तुमच्या दोन्ही अडचणी जाडीच्या आधी पिळाच्या आहेत असं मला वाटतं. नवी दोरी विकत घेण्याआधी पीळ तपासा.

पीळ जास्त चढला की तीच दोरी बारीक, कडक आणि आखूड होते. पीळ उतरला की फुगते, मऊ पडते, पदर सुटतात. कडक दोरी पॅडवर कमी पकड घेते, म्हणून बाइंड सटकतो. फुगलेली दोरी फटीत भरते, पॅडला घासते आणि मधेच पकडली जाते. एकाच दोरीने सकाळी एक दोष दाखवायचा आणि संध्याकाळी दुसरा, हे यामुळे सहज घडतं.

पीळ येतो कुठून? थ्रो करताना मनगट वळतं, झेलताना परत वळतं, आणि प्रत्येक फेरीत थोडासा पीळ शिल्लक राहतो. लूपिंगमध्ये (यो-यो न थांबवता पुन्हा पुन्हा पुढे फेकत राहणं) तर यो-यो प्रत्येक लूपला पलटतो, तिथे हे फार वेगाने होतं. दोऱ्या बहुतेक सगळ्या एकाच दिशेने पिळलेल्या असतात आणि डावा-उजवा हात आरशातल्यासारखे उलट चालतात. म्हणून दोन हातांनी लूप करणाऱ्याची एका हाताची दोरी आवळत जाते आणि दुसऱ्याची सुटत जाते. डावखुरेपणाचा फरक इथे पडतो: उजव्या हाताच्या खेळाडूने दिलेला "अमुक बाजूला फेका" हा सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही.

तपासणी अशी. यो-यो लटकत ठेवा, पूर्ण थांबू द्या. दुसऱ्या हाताने दोरी मध्याच्या जरा खाली धरा आणि वरचा हात त्या हाताजवळ आणा, म्हणजे मधे झोळ पडेल. झोळ उघडा, गोलसर राहिला तर पीळ बरोबर. झोळाचे दोन पाय एकमेकांभोवती गुंडाळले गेले तर पीळ बिघडलाय. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: वेटोळं दोन्ही बाबतीत होतं, पीळ जास्त असला तरी आणि कमी असला तरी. वेटोळं दिसलं की लगेच पीळ काढायला लागू नका. दोरी डोळ्याजवळ आणून पदर बघा. पदर घट्ट, वळ बारीक आणि जवळजवळ असतील तर पीळ जास्त. पदरांमध्ये फट दिसत असेल, वळ लांबट आणि तिरके झाले असतील तर पीळ कमी.

दुरुस्तीचे दोन मार्ग. सोपा आणि सगळ्यांना जमणारा: फास बोटातून काढा, यो-यो हातात धरा आणि दोरीचं मोकळं टोक खाली सोडा. दोरी आपोआप गिरक्या घेईल आणि थांबेल. वरून खालपर्यंत दोन बोटांच्या चिमटीतून हलकेच ओढून घ्या, पुन्हा सोडा. दोन-तीनदा केलं की नैसर्गिक पिळावर येते. उलटं, म्हणजे बोटातला फास धरून यो-यो खाली लटकत सोडू नका. वजनाच्या जडत्वाने तो योग्य जागा ओलांडून पुढे फिरत जातो.

दुसरा मार्ग खेळता खेळता. यो-यो आडवा फेका, म्हणजे आस उभा राहील आणि यो-यो थाळीसारखा फिरेल. दुसऱ्या हाताने दोरी वर उचलून धरा. फिरणारा यो-यो दोरीला आपल्याबरोबर पिळत नेतो. वरून पाहताना तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल तर नेहमीच्या दोरीचा पीळ उतरतो, काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर चढतो. बाजू लक्षात ठेवायची गरज नाही, वरून बघायची सवय लावा. मग डावा-उजवा प्रश्नच येत नाही. वेगात असेल तर काही सेकंदात काम होतं, त्यामुळे मधे थांबून झोळ तपासत राहा.

---

उलटफेक

झोळ करून पाहिला. वेटोळं होतंय, पण पदर घट्ट नाहीत, सुटलेले आहेत. बेअरिंगजवळ दोन पदरांत बोटाच्या नखाएवढी फट आहे. म्हणजे पीळ काढायचा नाही, चढवायचा? आणि ही फट धोकादायक आहे का?

---

तोललेला_पीळ

हो, चढवायचा. यो-यो आडवा फेकून वरून काट्यांच्या दिशेने फिरेल असा ठेवा. ते अजून जमत नसेल तर दोरी ताणून यो-यो लटकवा आणि हातानेच त्याच दिशेने फिरवा, दहा-बारा वळसे द्या, मग झोळ बघा.

फट धोकादायक आहे. बेअरिंगजवळ वीतभर दोरीचे पदर असे सुटले की फास मोठा होत जातो, ताण दोन पदरांवर सारखा पडत नाही, आणि पूर्ण पीळ उतरलेल्या दोरीतून यो-यो निसटू शकतो. तुमचा यो-यो धातूचा आहे. आधी पीळ जुळवा, मगच थ्रो करा. जुळवूनही फट तशीच राहिली तर दोरी टाकून द्या, तिने पीळ धरायचं सोडलंय.

मधेच पकडली जाण्याचं कारणही बहुधा हेच. सटकण्याचं मात्र पॅड बघूनच ठरेल.

---

अर्धी_फिरकी

सटकणाऱ्या बाइंडबद्दल. अगदी नवी दोरी लावा, पीळ जुळवा आणि बाइंड करून बघा. नव्या दोरीवरही सटकला तर दोष दोरीत नाही.

मग यो-यो उघडून पॅड बघा. सिलिकॉन झिजून भोवतालच्या धातूच्या पातळीखाली गेलं असेल तर दोरी त्याला पोचतच नाही, पॅड बदला. जाड दोरीने तात्पुरतं भागतं, पण ती फटीत अडकायला लागते आणि तुमचा दुसरा दोष वाढतो. पॅड चकाकत असेल तर त्यावर तेल आलंय: बेअरिंगला तेल जास्त झालं की ते उडून पॅडवर आणि दोरीवर जातं. कापसाच्या बोळ्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या आणि ती दोरीही बदला, कारण तेलकट दोरी नव्या पॅडलाही तेल लावते.

बाइंड देताना मागे सोडलेला दोरीचा भाग फार आखूड असला तर पकड बसायच्या आधीच तो ओढून निघतो. फार लांब असला तर झेलल्यावर बाहेर एक लूप लोंबतो आणि पुढच्या थ्रोला गाठ होते. झेललेल्या यो-योला असा लूप दिसला तर तसाच फेकू नका, हाताने उलगडून परत गुंडाळा.

उघडताना: दोन्ही अर्धे सरळ धरून उलटे फिरवा. आस कुठल्या अर्ध्यात राहिला ते बघा. बेअरिंग बोटाने निघत नसेल तर पकडीने हिसकू नका, त्याची बैठक वाकडी होते आणि मग यो-यो कायमचा थरथरतो. परत बसवताना फास बेअरिंगवर आहे, बैठकीच्या कडेवर चिरडलेला नाही, हे बघून हाताला घट्ट लागेपर्यंतच आवळा. जास्त आवळलं की आटे खराब होतात, आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले की तो अर्धा गेला.

बेअरिंगवर गाठ पडली तर ओढू नका. ओढण्याने गाठ फक्त आवळते. यो-यो एक-दोन आटे सैल करा, फट वाढली की बोथट काडीने सर्वात वरचा पदर उचला. तरीही नाही सुटली तर दोरी कापा. दोरी स्वस्त भाग आहे, बेअरिंग नाही.

---

सरकफास

लांबी राहिली होती. यो-यो पायाजवळ जमिनीवर ठेवा, दोरी सरळ वर ताणा. बेंबीची उंची हा सुरुवातीचा अंदाज. स्ट्रिंग ट्रिक्स (फिरता यो-यो दोरीवर झेलायच्या ट्रिक्स) खेळणारे त्याहून काही सेंटिमीटर लांब ठेवतात, म्हणजे मोठे फास आणि स्लॅक नीट उघडतात. लूपिंगला बेंबीच्या खाली, आखूड. लांब दोरीने लूप संथ आणि वेडावाकडा होतो. लहान मुलासाठी तर कापावीच लागते. पाकिटातली दोरी साधारण एक मीटर किंवा थोडी जास्त असते आणि ती लांबी मोठ्या माणसासाठी असते. मुलाचा यो-यो जमिनीवर आपटतो तो त्यामुळेच.

कापायचं बोटाकडचं टोक. आसाकडचा फास कापला तर दोरी वाया गेली, दोन पदर सुटे होतील. मापाच्या जागेपासून आणखी आठ-दहा सेंटिमीटर सोडा, तिथे दुमडून छोटा डोळा करा, साधी गाठ मारा, ओढून आवळा, गाठीपुढे एक सेंटिमीटर ठेवून उरलेलं कापा. पॉलिएस्टरचं टोक काडीने वितळवून बंद करायची पद्धत आहे, पण कडक झालेला तो थेंब बोटाला घासतो. मी गाठच सुचवेन.

तो डोळा बोटात घालायचा नाही. त्याच्यातून दोरी ओवून सरकता फास करायचा आणि तो मधल्या बोटात, पहिल्या आणि दुसऱ्या सांध्याच्या मधे. बोटाच्या बुंध्याशी ठेवला तर थ्रोचा अंदाज बिघडतो. फास आवळून बोट निळसर व्हायला लागलं तर लगेच काढा, थोडा वेळ थांबा. रोज त्याच रेषेवर काचत असेल तर फास किंचित वर-खाली सरकवत राहा.

---

कापूस_ते_पॉली

बदलायचं कधी, यावर. तुटेपर्यंत कधीच वापरू नका. तासांचा हिशेब सांगता येत नाही, खेळण्यावर ठरतं. खूप लूपिंग करणारे रोज बदलतात, सावकाश खेळणाऱ्याची पॉलिएस्टर दोरी कितीतरी दिवस चालते. बघायची खूण अशी: दोन नखांच्या मधून दोरी ओढा. कुठेही खाच, बारीक झालेला भाग किंवा तुटून बाहेर आलेला तंतू लागला की बदला. सगळ्यात आधी झिजते ती बेअरिंगजवळची पहिली वीत आणि बोटाच्या फासाची गाठ, त्यामुळे मधली दोरी नव्यासारखी दिसते म्हणून फसू नका. लव सुटून दोरी केसाळ झाली तरी बदला. केसाळ दोरी पॅडला अडकते, शिवाय तिची लव बेअरिंगमध्ये जाते. अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो अचानक झटक्याला परत यायला लागला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं: एक तर दोरी, नाहीतर बेअरिंगमधली लव.

अशा वेळी बेअरिंग काढा, वरची पातळ झाकणं काढता येत असतील तर काढा, ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, कोरडं होईपर्यंत फिरवा. खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको. वाळल्यावर पातळ तेलाचा एकच छोटा थेंब. जास्त घातलं तर बेअरिंग जड फिरतं आणि यो-यो पुन्हा रिस्पॉन्सिव्ह होतो.

नवी दोरी लावल्यावर दोन्ही टोकं धरून एकदा सावकाश, दमदार ताण द्या, मग पीळ तपासा. पहिले काही थ्रो ती थोडी ताठ लागते. स्पर्धेत उतरणारे म्हणूनच मंचावर जायच्या थोडं आधी नवी दोरी लावून तीवर जरा वेळ खेळून घेतात.

धुऊन पुन्हा वापरायच्या फंदात पडू नका, धुण्याने पीळ ढिला होतो. साठवताना कोरड्या पिशवीत, उन्हापासून दूर. नायलॉन उन्हात कमजोर पडतं आणि सूत ओलीत कुजतं. खूप दिवस खेळणार नसाल तर यो-यो गुंडाळून ठेवू नका, दोरी काढून सैल वेटोळ्यात ठेवा, नाहीतर बेअरिंगभोवतीचे वळसे तिच्यात बसून राहतात.

पुढे कधी फ्रीहँड, म्हणजे ५ए खेळायला लागलात तर बोटाच्या फासाऐवजी टोकाला काउंटरवेट येतं. तिथे गाठ दुहेरी मारा आणि दर वेळी ओढून बघा. गाठ सुटली तर काउंटरवेट सुटून उडतं. ऑफस्ट्रिंगमध्ये यो-यो दोरीला जोडलेलाच नसतो, तेव्हा दुमडलेलं टोकही गाठ मारून बंद करा, म्हणजे ते उलगडत जाणार नाही.